कागद संपल्याची तार

घनसावंगीला तहसील कचेरीच्या समोर माझे छोटेसे दुकान आहे. 'टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म' एवढीच पाटी. पावसाळ्याच्या तोंडाशी पीक विम्याचे अर्ज, शाळा उघडताना दाखल्यांची गर्दी, आणि बाराही महिने सातबारा नि आधारकार्डाच्या झेरॉक्सप्रती, यांवर ते चालते. अशा दुकानात लिहून ठेवण्यासारखे काही घडेल असे मला कधी वाटले नव्हते. पण यंदाच्या एप्रिलमध्ये एक बाई कापडी पिशवी घेऊन आल्या आणि पुढचे तीन आठवडे माझी झोप उडाली. ती हकीकत सांगतो.

दुपारची वेळ होती. ऊन असे की रस्त्यावर कुत्रेदेखील नव्हते. बाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून काउंटरवर ठेवली आणि गाठ सोडली. आत निळ्या प्लॅस्टिकची, जाडजूड पुस्तकाएवढी पेटी होती. सोबत एक चौकोनी डिस्क. फ्लॉपीसारखीच, पण जवळजवळ दुप्पट जाड.

"दादा, यातलं काही निघतं का बघा की," त्या म्हणाल्या. "जालन्यात दोघांला दाखवलं. एक जण नुसता हसला. दुसरा म्हणला, म्युझियममधी ठेवा."

मी डिस्क हातात घेतली, आणि मला काही हसू आले नाही. तिच्या पांढऱ्या चिठ्ठीवर निळ्या बॉलपेनने लिहिले होते : 'ओव्या. अंतिम प्रत. १९९९.' अक्षर माझे होते.

१९९९ साली मी जालन्याला एका डी. टी. पी.च्या दुकानात टंकजुळणीचे काम करीत होतो. पानाच्या हिशेबाने पैसे मिळत. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके असा सगळा माल. त्या मालात एक गिऱ्हाईक निराळे होते. दर शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की, गोदाकाठच्या एका गावचे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी एस. टी.ने जालन्याला येत. काखेत वह्यांचा गठ्ठा. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, राजाटाकळी या पट्ट्यातल्या बायकांकडून त्यांनी बारा वर्षे खपून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या होत्या आणि जाती कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती. गिरणीच्या पट्ट्याच्या फडफडाटात ओवी म्हणणार कोण? तेव्हा ज्यांना आठवते आहे त्या जाण्यापूर्वी लिहून घ्यावे, एवढाच गुरुजींचा सरळ हिशेब. प्रत्येक ओवीखाली बाईचे नाव, गाव, माहेर. आणि घरातल्या पुरुषाने हरकत घेतली नाही तर तिचा फोटो.

हे वेड एकट्या गुरुजींचेच होते असे नव्हे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी ऐंशीच्या दशकापासून खेड्यांतल्या बायकांना हाताशी धरून महाराष्ट्रभरच्या ओव्या जमविल्या. तो आकडा एक लाखाच्या वर गेला. बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या संगीत-अभ्यासकाने त्यांची पद्धतशीर नोंद तयार केली आणि पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, आणि पलीकडे बीड जिल्ह्यातले माजलगाव. तिथल्या बायकांनी डॉक्टर आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्या १९९६ साली मुद्रित झाल्या. आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या घरबसल्या ऐकता येतात. त्या कामाला पुष्कळ हात लागले, संस्था उभी राहिली, प्रतींवर प्रती झाल्या. आमच्या गुरुजींजवळ वह्या होत्या आणि मी होतो.

तीन महिने मी ते टंकत होतो. दुकानमालकांनी फोटो स्कॅन केले. काम संपल्यावर मी सगळे एका डिस्कवर उतरवले, चिठ्ठी लिहिली आणि ती गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी विचारले, "आता या वह्यांचं काय करू?" मी बावीस वर्षांचा होतो. संगणकाची नवी नवलाई अंगात होती. मी म्हणालो, "गुरुजी, आता वह्या कशाला सांभाळता? सगळं यात आलं की."

छपाईला लागणारे पैसे गुरुजींना काही जमवता आले नाहीत. चार-पाच वर्षांनी दुकान बंद झाले तेव्हा, त्यांनी आगाऊ दिलेल्या रकमेपोटी, मालकांनी ती निळी पेटी त्यांना देऊन टाकली. मी तोवर घनसावंगीला येऊन माझा संसार थाटला होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गोदावरीला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या घरात ट्रंकेत असलेल्या वह्यांचा लगदा झाला. हे मला यंदा एप्रिलमध्ये, त्या बाईंच्या तोंडून कळले. त्या गुरुजींच्या कन्या. गुरुजींना जाऊन चार वर्षे झाली. "दादा कायम म्हणायचे, घनसावंगीला तो पोरगा हाय, त्याला म्हाईत हाय सगळं," असे त्या म्हणाल्या तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो.

आमच्याच तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म १६०८ चा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास नुसता लेखन कसे करावे यावर आहे. त्यात पानाच्या भोवती कोरी जागा सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असे सांगितले आहे. शाळेत असताना हे वाचून मला मोठे क्षुल्लक वाटले होते!

असो. आता त्या पेटीकडे वळू.

ती होती झिप ड्राइव्ह. आयोमेगा नावाच्या अमेरिकन कंपनीने ती १९९४ च्या अखेरीस जाहीर केली आणि १९९५ पासून ती बाजारात आली. आजच्या मुलांना तिचे कौतुक कळायचे नाही. त्या काळी फ्लॉपीत मावे १.४४ मेगाबाइट. फोटो असलेल्या एका पुस्तकाला फ्लॉप्यांची चळतच्या चळत लागे, आणि छापखान्यात गेल्यावर नेमकी मधली एखादी वाचता येत नसे. झिपच्या एका डिस्कवर शंभर मेगाबाइट बसत; म्हणजे सत्तरएक फ्लॉप्यांचा ऐवज. आत फ्लॉपीसारखीच लवचीक चकती असते, पण फ्लॉपी मिनिटाला तीनशे फेरे घेते आणि ही घेते सुमारे तीन हजार. डी. टी. पी.वाल्यांना ही पेटी म्हणजे वरदान वाटली. पिशवीत घालावी, छापखान्यात न्यावी, तिथल्या संगणकाच्या पाठीला लावावी आणि काम उरकून परत आणावी. कोणताही संगणक उघडावा लागत नसे, कारण ती जिथे लागे ते भोक त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक संगणकाला होते. ते भोक म्हणजे प्रिंटरचे. शास्त्रीय नाव पॅरलल पोर्ट.

या पोर्टाची जन्मकथा मौजेची आहे. १९७० साली अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने आपला पहिला प्रिंटर काढला. या कंपनीचा संबंध वँग नावाच्या गणनयंत्रे करणाऱ्या कंपनीशी होता, आणि वँगकडे छत्तीस टोकांच्या जोडण्या वीस हजारांच्या संख्येने शिल्लक पडून होत्या. त्याच प्रिंटरला लावल्या. शिल्लक मालातून निघालेली ती जोडणी पुढे जगभर प्रिंटरची जोडणी होऊन बसली! १९८१ साली आय. बी. एम.ने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा संगणकाच्या बाजूला पंचवीस भोकांची लहान जोडणी दिली, आणि तीच पुढे पंचवीस-तीस वर्षे चालली.

पंचवीस भोकांचा हिशेब असा. आठ तारा मजकूर न्यायच्या. एका वेळी एक पुरते अक्षर, आठ जण खांद्याला खांदा लावून चालावेत तसे. म्हणून तर 'पॅरलल'. चार तारा संगणकाने प्रिंटरला हुकूम द्यायच्या. पाच तारा प्रिंटरने संगणकाला उत्तर द्यायच्या. उरलेल्या आठ नुसत्या जमिनीच्या. आता गंमत पाहा. प्रिंटरने बोलायचे ते किती? 'मिळाले', 'थांबा, काम चालू आहे', 'कागद संपला', 'मी तयार आहे', 'काहीतरी बिघडले'. पाच वाक्ये, पाच तारा. मूळच्या रचनेत मजकुराच्या आठ तारा एकेरी रस्त्यासारख्या. संगणकाकडून बाहेर जाणाऱ्या. बाहेरून आत मजकूर आणायची सोयच नव्हती, कारण प्रिंटर कशाला मजकूर पाठवील?

मग या भोकातून डिस्क वाचायची कशी? कारागिरांनी शक्कल काढली. पाचांपैकी चार तारांना त्यांनी ओझे वाहायला लावले. एक अक्षर आठ बिटांचे. त्याचे दोन तुकडे करायचे, चार-चार बिटांचे. आधी एक अर्धा चार तारांवरून आणायचा, मग दुसरा, आणि संगणकाने आत दोन्ही सांधायचे. या अर्ध्या तुकड्याला इंग्रजीत घासाचेच नाव आहे, निबल. म्हणजे ज्या तारेचा जन्म 'कागद संपला' एवढे एकच वाक्य बोलण्यासाठी झाला, तिच्यावरून पुस्तकेच्या पुस्तके आत येऊ लागली. पुढे दुहेरी रस्ते झाले, ई. पी. पी. आणि ई. सी. पी. नावाच्या वेगवान पद्धती आल्या, आणि १९९४ साली या सगळ्यांना मिळून एक अधिकृत प्रमाण ठरले. तरी जुनी घासाघासाची पद्धत कोणी काढून टाकली नाही. हे बरे झाले, ते पुढे दिसेल.

आमच्या जालन्याच्या दुकानात या एका भोकावर तिघांचा संसार होता. मराठी टंकजुळणीच्या त्या काळच्या पुष्कळ प्रणालींना चोरी होऊ नये म्हणून एक कुलूप असे. आगपेटीएवढे, ते प्रिंटरच्या भोकातच बसवावे लागे. कुलपाच्या मागे झिप ड्राइव्ह, झिप ड्राइव्हच्या मागे प्रिंटर. आगगाडीचे डबेच! प्रिंटर सुरू केला की ड्राइव्ह रुसे, ड्राइव्ह लावली की कुलूप म्हणे मी इथे नाहीच. मालकांनी भिंतीवर कागद लावला होता : 'ड्राइव्ह चालू असताना प्रिंट मारू नये'. ती पाटी आठवून मला अजून हसू येते.

आता माझ्या दुकानात तीन संगणक आहेत. एकालाही पंचवीस भोकांचा पोर्ट नाही. ड्राइव्हसोबत विजेचा अडॅप्टर नाही, जोडणीची केबल नाही.

अडॅप्टरचे आधी. ड्राइव्हवर पाच व्होल्ट, एक अँपियर असे छापलेले होते. माझ्या खणात अडॅप्टरांचे अठराविश्वे गोत्र आहे, आणि पहिला हाताला लागला तो नेमका भोकात घट्ट बसला. तो इंटरनेटच्या राउटरचा होता, बारा व्होल्टचा. बसतो म्हणून लावला असता तर ही हकीकत इथेच संपली असती. भोकात बसणे आणि जुळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आमच्या धंद्यात फार महागात पडून कळते. शेवटी पाच व्होल्टचा एक सापडला. त्याच्या टोकाशी आत धन की बाहेर धन हे ड्राइव्हवरच्या चित्राशी ताडून, मीटर लावून दोनदा पाहिले, आणि मग ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला. ताईंनी हात जोडले. मी त्यांना सांगितले, "अजून दिवाच लागलाय, ताई."

यानंतर मी एक मूर्खपणा केला. जालन्याहून यू. एस. बी.ला लावायची प्रिंटरची केबल मागवली. एका टोकाला आजचा यू. एस. बी., दुसऱ्या टोकाला जुनी जोडणी. चारशे रुपये. लावली, आणि संगणक म्हणाला, प्रिंटर जोडला आहे. दुसरे काही म्हणेना. दोन दिवस मी खटपट केली तेव्हा उजेड पडला. जुन्या संगणकात त्या भोकाच्या तारा संगणकाच्या थेट हाताशी असतात. त्यांना ठरलेला पत्ता असतो, बहुधा ३७८. प्रणाली त्या पत्त्यावर जाऊन एकेक तार स्वतः वरखाली करू शकते, एकेक तार वाचू शकते. झिप ड्राइव्हला हेच लागते. तिच्या पोटात तर स्कझी नावाची निराळीच भाषा असते आणि ती या तारांवरून सांकेतिक रीतीने बोलली जाते. यू. एस. बी.च्या केबलीत मध्ये एक चिप बसलेली असते. ती तारांना हात लावू देत नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलायला शिकलेली आहे. 'हे छाप' एवढाच निरोप ती पोचवते. पोस्टमन पत्र नेईल, पण आपल्या वतीने वधूपरीक्षा करील काय? कोणी वाचक अशाच खटपटीत असेल तर त्याचे चारशे रुपये वाचावेत म्हणून हे विस्ताराने लिहिले. मोठ्या संगणकात आत बसवायचे पॅरलल पोर्टाचे कार्ड मिळते, त्याने काम होऊ शकते. पण मजजवळचे तिन्ही संगणक इतके छोटे की कार्डाला जागाच नव्हती.

तेव्हा जुना संगणक शोधणे आले. आणि जुना संगणक कुठे जातो हे जालन्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. जालना सळयांचे शहर आहे. तिथल्या पोलादाच्या भट्ट्यांना भंगार लागते, आणि ते कुठून कुठून ट्रक भरून येते. शाळा-कचेऱ्यांनी रद्द केलेल्या संगणकांचे पत्र्याचे सांगाडेही त्यातच वितळतात. मी पहाटेची एस. टी. धरून गेलो आणि चार गोदामे पालथी घातली. पाचव्या ठिकाणी, गंजलेल्या कूलरांच्या मागे, बारा संगणकांची चळत होती. मागच्या बाजूने पाहत गेलो. जुन्या संगणकांत प्रत्येक भोकाला ठरावीक रंग असे. कीबोर्डचे जांभळे, माउसचे हिरवे, आणि प्रिंटरचे डाळिंबी. ती डाळिंबी पट्टी दिसली तेव्हा मला खरोखर डाळिंब सापडल्याचा आनंद झाला.

"काय पाहिजे यातलं, साहेब? रॅम?" भंगारवाल्याने विचारले.

"हे मागचं भोक."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग सहाशे रुपयांत एक आख्खा संगणक देऊन टाकला. "उद्या आला असता तर गाडी भरली होती," असे म्हणाला. बारांपैकी दोन सुरू झाले आणि त्यातला एक मी आणला. त्यात विंडोज एक्स. पी. होती, म्हणजे जुना पोर्टही चालेल आणि आजचा पेन ड्राइव्हही. माझ्या कामाला हीच बरोबर पिढी. विंडोज ९८ असती तर पेन ड्राइव्हसाठी आणखी उपद्व्याप करावे लागले असते.

केबलीचे काम त्याच ढिगात झाले, पण तिथेही एक चकवा होता. आधी मजजवळ जुन्या मोडेमची एक पंचवीस टोकांची केबल होती. बाहेरून पाहता हुबेहूब. मीटर लावून टोकाशी टोक तपासले तेव्हा आत निम्म्याही तारा नाहीत! मोडेमला तेवढ्या लागत नाहीत, म्हणून घातल्याच नव्हत्या. भंगारातली मात्र पंचवीसच्या पंचवीस तारांची निघाली.

संगणक बंद ठेवून सगळे जोडले. हा पोर्ट पेन ड्राइव्हसारखा चालू संगणकाला खुपसायचा नसतो. तसे केल्याने कित्येक पोर्ट जळालेले मी पाहिले आहेत. सुरू केले. ड्राइव्ह दिसेना. मग आठवले, की एक्स. पी. जुन्या उपकरणांना आपण होऊन ओळख देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एल. पी. टी. पोर्टाच्या पानावर 'लेगसी प्लग अँड प्ले डिटेक्शन' अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. एवढी एक खूण. पुन्हा सुरू केला, आणि 'रिमूव्हेबल डिस्क' असे चिन्ह पडद्यावर आले.

आता फक्त डिस्क आत सारायची. ती मी दोन दिवस सारली नाही.

कारण सांगतो. झिप ड्राइव्हला एक रोग होता. आतले वाचणारे डोके बिघडले की ते सारखे मागेपुढे आपटते आणि टक्-टक्-टक् असा आवाज येतो. 'मृत्यूची टकटक' असेच त्याचे नाव पडले होते, आणि १९९८ साली अमेरिकेत त्यावरून खटलाही झाला. बिघडलेले डोके डिस्कची कड फाडू शकते, आणि फाटलेली डिस्क चांगल्या ड्राइव्हचे डोके बिघडवू शकते. स्पर्शाने पसरणारी ही साथच म्हणायची. ही ड्राइव्ह वीस वर्षे फडक्यात होती. तिचे डोके धड आहे की नाही हे पाहायला मजजवळ दुसरी डिस्क नव्हती. जी होती ती एकच, आणि तिच्यावर माझ्या हातची 'अंतिम प्रत' ही अक्षरे. मी ताईंना सगळे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "न सारता ठेवली तर वाचता येणार हाय का?" याला उत्तर नव्हते.

डिस्कचे पत्र्याचे झाकण सरकवून, बॅटरीच्या उजेडात चकतीची कड दिसेल तेवढी पाहिली. बुरशी नव्हती, कड साफ होती. संगणक इन्व्हर्टरवर घेतला. डिस्क सारली. भुर्र असा आवाज चढत गेला आणि एका सुरात स्थिर झाला. मी श्वास धरून टकटक ऐकत होतो. आली नाही. पडद्यावर फायलींची यादी उमटली : गावांची नावे, एकाखाली एक. कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, राजाटाकळी... एकंदर त्रेचाळीस फायली.

पहिल्याच फायलीला नकल करताना संगणक अडखळला. चूक दाखवून थांबला. पुन्हा केले, पुन्हा थांबला. पोर्ट ई. पी. पी. या वेगवान पद्धतीवर होता, आणि भंगारातली केबल बहुधा तो वेग पेलत नव्हती. संगणक बंद करून, सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर जाऊन मी पोर्ट 'नॉर्मल' केला. म्हणजे सर्वांत जुनी, सर्वांत सावकाश, घासाघासाची पद्धत. आणि मग फायली येऊ लागल्या. साठ मेगाबाइटांचा ऐवज, म्हणजे सहा कोटी अक्षरे, बारा कोटी घास. प्रत्येक घास चार तारांवरून. मध्येच वीज गेली, हे वेगळे सांगायला नको. इन्व्हर्टरने ओढून नेले. पाऊण तास आम्ही दोघे त्या हिरव्या पट्टीकडे पाहत बसलो होतो. मधल्या वेळात तिघे झेरॉक्सला आले, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितले.

त्रेचाळीसपैकी चाळीस फायली आल्या. तिघींवर 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असे म्हणून संगणक थांबला. म्हणजे डिस्कवरचे तेवढे ठिकाण आता वाचता येत नाही. सात-आठ वेळा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण प्रत्येक प्रयत्नाला डोके त्याच जागी घासत होते. दोन फायली फोटोंच्या होत्या. तिसरी राजाटाकळीची.

आलेल्या फायली उघडल्या तर पडद्यावर युरोपी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. हे मात्र मला अपेक्षित होते. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे भाडेकरू म्हणून ठेवलेले. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर घरमालकाचे नाव तेवढे दिसते. जालन्याच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे तो फॉन्ट निघाला. वाचायला नुसता फॉन्ट पुरे होतो. कुलूप लागे ते टंकायला. तो बसवला आणि माझ्या हातची पाने उभी राहिली, चुकांसकट. पुढे आजच्या युनिकोडात ती आणताना ऱ्हस्व वेलांट्यांनी मला रडवले. जुन्या पद्धतीत ती वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, नव्या पद्धतीत नंतर येते. रफाराचे याच्या उलट. यंत्राने बदलले, पण एकेक पान डोळ्यांखालून घालावे लागले. ते काम अजून चालू आहे.

मेच्या शेवटी ताईंनी मला घरी बोलावले. त्यांच्या सासरच्या गल्लीत एक आजी आहेत, माहेर तीर्थपुरीचे. यादीत त्यांचे नाव होते आणि फोटोही निघाला होता, तेव्हाच्या चाळिशीतल्या. मी लॅपटॉपवर फोटो दाखवला. आजींनी पडद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "हे लुगडं माझ्या भावानं घेतलं होतं." ताई एकेक ओवी वाचू लागल्या. चौथ्या की पाचव्या ओवीला आजींनी हात वर केला.

"असं न्हाई वो ते. हे कुणी लिव्हलं?"

मी मान खाली घातली. एक शब्द मी चुकीचा टंकला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि गुरुजींच्या तपासणीतून निसटला होता. आजींनी तो सुधारला, आणि सुधारताना त्यांना पुढची आठवली, जी यादीत नव्हतीच. मग तिच्या पुढची. ताई वही शोधायला धावल्या. आजींना मी ड्राइव्ह कशी चालते ते सांगितले, अर्धे अर्धे अक्षर आत येते म्हणून. त्या म्हणाल्या, "मग काय, जात्यात मूठ मूठ वैरण घालावं तसंच की. एकदम घातलं तर पीठ कसं पडंल?"

आता ओव्यांच्या चार नकला आहेत. एक ताईंकडे, एक माझ्याकडे, एक ताईंच्या मुलाकडे पुण्याला आणि एक कागदावर छापलेली. कागदावरच्या प्रतीत मी चारी बाजूंनी रुंद समास सोडला आहे. सहाशे रुपयांचा संगणक दुकानात टेबलाखाली आहे. भंगारवाला अधूनमधून फोन करतो, त्याला मी पुढच्या महिन्यात बघू म्हणून सांगतो. अंबडच्या एका वकिलांनी त्यांच्या वडिलांच्या दोन झिप डिस्क आणून दिल्या आहेत.

राहिली राजाटाकळी. त्या फायलीत कोण कोण बायका होत्या याची सूची वेगळ्या फायलीत होती, ती मात्र आली. नऊ नावे. ताई जूनपासून रविवारी तिकडे जातात. परवा त्यांचा फोन आला. नवांपैकी दोघी भेटल्या. एकीला ऐकू कमी येते, पण जाते अजून घरात आहे, आणि तिने सुनेला ते पडवीत आणून मांडायला सांगितले आहे.